आरसा आणि कसोटी

'कथा हा समाजाचा आरसा आहे' हे वाक्य मी विद्यार्थी असताना पाठ केले आणि प्राध्यापक झाल्यावर अनेक वर्षे तसेच शिकवले. आज ते मला अपुरे वाटते. आरसा समोर उभा राहील त्याचेच रूप दाखवतो. ज्यांना समोर येण्यासच मज्जाव होता, त्यांचे काय?

धाराशिव जिल्ह्यातील आमच्या महाविद्यालयात मी दोन कथा लागोपाठ वाचून दाखवतो. पहिली भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल'. चंदनशिव आमच्याच कळंब तालुक्यातले. आठवडी बाजारात टोमॅटोला मातीमोल भाव येतो आणि शेतकरी बाप घाम गाळून पिकवलेला माल स्वतःच्याच पायांनी तुडवतो. अख्खा वर्ग हळहळतो. प्रत्येकाला त्यात आपला बाप दिसतो. मलाही दिसतो, जरी माझ्या बापाला स्वतःचे रान नव्हते.

दुसरी बाबुराव बागूल यांची 'जेव्हा मी जात चोरली होती'. याच नावाचा त्यांचा संग्रह 1963 साली आला. रेल्वेत नोकरीला आलेला तरुण आपली जात सांगत नाही. तोवर सहकारी त्याला मान देतात, घरी जेवू घालतात. जात कळताच त्यालाच मार खावा लागतो. ही कथा संपली की वर्ग गप्प होतो. कोणी खिडकीबाहेर पाहते, कोणी वहीत.

ती शांतता माझ्या ओळखीची आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी खोली शोधताना मी नाव सांगितले, आडनाव गिळले. घरमालकाने चहा पाजला. आठच दिवसांत आडनाव कळले आणि गावाहून भाचा येणार असल्याचे सांगून त्याने खोली रिकामी करून घेतली. त्या आठ दिवसांत माझ्यात काय बदलले होते? बागुलांच्या नायकातही काही बदलत नाही. भोवतालच्या माणसांना फक्त एक गोष्ट कळते आणि तेवढ्याने त्यांची सारी मूल्ये उघडी पडतात. कथेच्या आटोपशीर घाटाचे सामर्थ्य मला इथे जाणवते. अशी कथा समाजाची कसोटी घेते, आणि वाचकाचीही. आपल्या समीक्षेने कथेतली बोली आणि वातावरण पुष्कळ तपासले. वाचक कोणाच्या बाजूला उभा राहतो, हे क्वचितच विचारले.

एकदा तास संपल्यावर एक विद्यार्थिनी मागे थांबली. "सर, मीपण खोलीवर आडनाव सांगितलं नाही," ती हळूच म्हणाली. मी म्हणालो, "बाई, तू चोरी केलेली नाहीस. चोरी कोणी केली, ते लिहून आण."

तिची कथा मी या पानांवर वाचायची वाट पाहतो आहे.