अंकुराची वाढ आणि हौसेची कसोटी

हौशी मनुष्याच्या कृतीचे परीक्षण करावयाचे म्हटले म्हणजे आपण बहुधा कौतुकाचे दोन शब्द त्याच्या हाती ठेवतो आणि मोकळे होतो. हे सौजन्य वस्तुतः अनादराचेच एक रूप होय. ज्या कृतीचे दोष सांगावेसे वाटतात, तिच्यात काही सत्त्व आहे, हे आपण आधीच मान्य केलेले असते. प्रस्तुत लेखात आम्ही एका हौशी प्रयोगाचे दोष सांगणार आहो, ते याच भावनेने.

बार्शीहून सोलापूरकडे जाताना वैराग लागते. तेथील आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही ४२ सेकंदांचे एक चलच्चित्र पाहिले. परडीएवढ्या कुंडीत काळी माती, तीत शाळूचे चार दाणे, समोर जुना डिजिटल कॅमेरा, आणि त्याला दर १० मिनिटांनी आज्ञा देणारा, पत्त्याएवढ्या आकाराचा रास्पबेरी पाय नावाचा संगणक. हा संगणक विलायतेत २०१२ साली प्रथम विक्रीस आला. दिवसाची १४४ याप्रमाणे ७ दिवसांची १००८ छायाचित्रे होतात, व सेकंदास २४ या वेगाने ती दाखविली म्हणजे ४२ सेकंद भरतात. भिंतीवर ते चित्र उमटले तेव्हा घरातील मुलेच काय, पण आम्हीही श्वास रोखून पाहत होतो.

ही कल्पना महाराष्ट्रास नवी नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणल्यावर प्रथम केले ते हेच. कुंडीत वाटाणा पेरून त्यांनी ‘अंकुराची वाढ’ हे लहानसे चित्र तयार केले आणि ते दाखवून भांडवल देणाऱ्याचा विश्वास संपादन केला. त्यांनी महिनाभर रोज एकच चित्र घेतले व त्यातून मिनिटाहून अधिक काळाचा चित्रपट झाला, असे सांगण्याचा प्रघात आहे. परंतु मूकपटांच्या काळी सेकंदास सुमारे १६ चित्रे लागत. तीस चित्रे दोन सेकंदांतच संपली असती. तेव्हा एकतर चित्रे पुष्कळ अधिक घेतली असली पाहिजेत, नाहीतर चित्रपट पुष्कळ आखूड असला पाहिजे. आख्यायिकेने श्रम वाढवून सांगितले असे आपण समजतो. येथे तिने ते कमी करून सांगितले असण्याचाच संभव अधिक. शिवाय फीत धुऊन होईपर्यंत आत काय उमटले आहे हे कळण्याची सोय नव्हती. फितीला छिद्रे पाडण्यापासूनची कामे घरातच चालत, आणि त्यांत सरस्वतीबाईंचा हात होता.

आमच्या विद्यार्थ्यास यांपैकी एकही कष्ट नव्हता. चित्र घेताक्षणी दिसते, बिघडले तर पुसता येते. परंतु कष्ट कमी झाल्याने जबाबदारी कमी होत नाही, उलट ती वाढते. त्याच्या चित्रातील पहिला दोष म्हणजे प्रकाशाची लुकलुक. प्रत्येक वेळी उजेडाचे माप ठरविण्याचे काम त्याने कॅमेऱ्यावर सोपविले, त्यामुळे मागची भिंत क्षणात उजळते, क्षणात काळवंडते. ते माप हाताने एकदा कायम केले असते, तर हे टळले असते. दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. रात्रीही चित्र यावे म्हणून त्याने कुंडीच्या डाव्या अंगास दिवा ठेवला, आणि अंकुर उजेडाच्या ओढीने डावीकडे झुकत गेला. प्रेक्षक तो बाक शाळूचा स्वभाव समजतो; तो दिव्याचा परिणाम आहे.

हे दोष अननुभवाचे होत. तिसरा मात्र तसा नाही. चौथ्या रात्री पाच तास वीज नव्हती. ३० चित्रे बुडाली, आणि नेमक्या त्याच वेळात मोड मातीतून वर आला. विद्यार्थ्याने संगणकाकडून आधीच्या व नंतरच्या चित्रांवरून मधली ३० चित्रे बनवून घेतली. सांधा कोठेच दिसत नाही. माती भेगाळते, ढेकूळ किंचित उचलले जाते, हिरवे टोक डोकावते! सगळ्यांत सुंदर भाग तोच. आणि तोच कोणी पाहिलेला नाही.

यावर तो म्हणाला, “सर, फाळक्यांनीही कॅमेऱ्याच्या युक्त्या केल्याच होत्या की!” आक्षेप योग्य आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला, आणि त्या सत्यवचनी राजाच्या कथेतही देव युक्तीनेच प्रकटतो. परंतु पौराणिक चित्रातील चमत्कार ही प्रेक्षकाशी उघड केलेली बोली असते. अंकुराच्या चित्राची बोली निराळी आहे. ‘हे असे घडले, आणि मी तेथे होतो,’ एवढेच ते सांगते, आणि त्याचे सारे मोल या साक्षीत आहे. साक्षीदाराने न पाहिलेले सांगितले, तर त्याच्या उरलेल्या ९७८ खऱ्या चित्रांवरही संशयाची छाया पडते. आज यंत्राला न पाहिलेले दृश्य रचता येते, आणि तेही पाहिलेल्याहून देखणे. अशा वेळी हौशी मनुष्याजवळ धंदेवाल्याहून अधिक असे एकच धन उरते: त्याला कोणास काही विकावयाचे नसते, म्हणून खोटे बोलण्याचे कारणही नसते. ते त्याने फुकट घालवू नये.

आम्ही त्यास इतकेच सुचविले की, ती ३० चित्रे काढून तेथे काळोख ठेवावा. त्यास ते रुचले नाही. चित्र विद्रूप होईल असे तो म्हणाला. तथापि पंधरा दिवसांनी त्याने नवी प्रत पाठविली. माती स्वस्थ आहे; मग सव्वा सेकंद काळोख; मग अंकुर, आधीच बोटाच्या पेराएवढा. लुकलुक तशीच आहे, बाकही तसाच आहे. पण आता तो काळोख संपेपर्यंत मनुष्य आतुर होऊन बसतो, आणि दाणा कधी फुटला असेल याचा विचार करतो. शाळू पेरणाऱ्या शेतकऱ्यानेही तो क्षण क्वचितच पाहिलेला असतो. तोही सकाळी शेतात जातो, तेव्हा अंकुर वर आलेलेच असतात.