मुळशीच्या कांठचें अंगविक्षेपशास्त्र

गेल्या पावसाळ्यानंतर आमचे एक मेहुणे मुळशीच्या जलाशयाकांठीं दोन दिवस राहून आले. वय अठ्ठेचाळीस, एका मोठ्या कारखान्यांत हिशेबखात्यावर आहेत. जाण्याचें कारण हवापालट नव्हे. त्यांच्या वार्षिक शेऱ्यांत वरिष्ठांनीं असें लिहिलें होतें कीं, काम चोख आहे. पण हे गृहस्थ समोरच्याचें म्हणणें ऐकून घेत आहेत असें दिसत नाहीं, व त्यांच्या चर्येवरून हाताखालच्या मंडळींस तुच्छतेचा भास होतो. पुढील बढती ह्या शेऱ्यावर अडकली होती. तेव्हां अशाच पंचवीस-तीस प्रौढ अधिकाऱ्यांबरोबर त्यांस 'देहबोली' शिकण्यासाठीं तलावाकांठच्या एका विश्रामस्थानीं धाडण्यांत आलें. येतांना त्यांनीं चोपन्न पानांची एक पुस्तिका आणली. "तुम्ही एवढ्या पुस्तकांवर लिहितां, आतां हिच्यावरहि लिहा," असें थट्टेनें म्हणून ती त्यांनीं आमच्या हातीं दिली. परंतु रात्रीं घरांतील मंडळी निजल्यावर ते आरशासमोर उभे राहून खांदे मागें टाकण्याचा सराव करीत असतात, हें आमच्या बहिणीनें सांगितलें, तेव्हां आम्हांस हसूं आलें नाहीं. आणि म्हणूनच हें परीक्षण थट्टेवारी न नेतां लिहीत आहों.

पुस्तिकेच्या कर्त्याचें नांव देण्याचें प्रयोजन नाहीं. अशीं पुस्तकें आज शेंकड्यांनीं निघतात, व एकापासून दुसरें ओळखूं यावें असें त्यांत क्वचितच कांहीं असतें. पहिल्याच पानावर ठळक टाइपांत एक सिद्धान्त आहे: मनुष्याच्या बोलण्याचा शेंकडा 55 परिणाम चेहऱ्यानें, 38 आवाजानें व अवघा 7 शब्दांनीं होतो. हे आंकडे अल्बर्ट मेहरेबियन ह्या मानसशास्त्रज्ञाचे आहेत, व ते 1967 सालीं प्रसिद्ध झालेल्या दोन छोट्या प्रयोगांच्या बेरजेतून आले आहेत. एका प्रयोगांत सुटे सुटे शब्द निरनिराळ्या स्वरांत ऐकविले होते; दुसऱ्यांत अशा आवाजाबरोबर चेहऱ्यांचीं छायाचित्रें दाखविलीं होतीं; आणि श्रोत्यानें ठरवावयाचें होतें तें इतकेंच कीं, बोलणाराच्या मनांत आवड आहे कीं नावड. सर्व संभाषणास हें गणित लावूं नये असें खुद्द मेहरेबियन ह्यांनीं सांगून ठेविलें आहे. पण पुस्तिकाकारांस त्याची वार्ता नाहीं. शब्दांची किंमत शेंकडा सातच असेल तर चोपन्न पानें शब्दांनीं कां भरलीं, असा प्रश्न एखाद्या खट्याळ वाचकानें विचारल्यास त्यास काय उत्तर द्यावें?

दुसऱ्या प्रकरणांत कमरेवर हात ठेवून, पाय फांकवून दोन मिनिटें उभें राहिल्यास अंगांत कर्तृत्व संचरतें असें आश्वासन आहे. 2010 सालच्या ज्या अमेरिकन प्रयोगावर हें उभारलें आहे त्यांत अवघीं 42 माणसें होतीं; पुढें 200 माणसांवर तोच प्रयोग करून पाहतां शरीरांतील द्रव्यांवर होणारा म्हटलेला परिणाम आढळला नाहीं, व मूळच्या तीन लेखकांपैकीं एका विदुषीनें 2016 सालीं, आपला ह्या परिणामावर विश्वास उरला नाहीं, असें प्रामाणिकपणें जाहीर केलें. तेव्हां आमच्या मेहुण्यांचा रात्रीचा सराव कशाच्या आधारावर चालला होता हें वाचकांच्या ध्यानीं येईल.

येथवर दोष सांगितले. पण असल्या वर्गीकरणाचीच आम्ही टर उडवितों असा कोणी ग्रह करून घेऊं नये. अंगविक्षेपांची मोजदाद करण्यांत आपल्या पूर्वजांचा हात कोणी धरणार नाहीं. भरताच्या नाट्यशास्त्रांत मस्तकाचे तेरा व्यापार आहेत, दृष्टी छत्तीस आहेत, एका हाताच्या मुद्रा चोवीस व दोन्ही हातांच्या मिळून तेरा आहेत. पुस्तिकेंतल्या सतरा युक्त्या त्यापुढें दरिद्री वाटतात. भेद आहे तो दुसराच. भरत प्रत्येक दृष्टि कोणत्या रसाची, कोणत्या भावाची, हें सांगतो. भाव नसतां दृष्टि कशी ठेवावी हा प्रश्नच त्याच्या मनांत येत नाहीं. उलट पुस्तिकेंत 'समोरचा बोलत असतां दर तीन-चार वाक्यांनीं मान हलवावी' असा नियम आहे. त्या वाक्यांत काय आहे ह्याची चौकशी नाहीं. आमच्या मेहुण्यांनीं हा नियम घरांत इमानें पाळला. कन्या महाविद्यालयांत कांहीं विषयांत नापास झाल्याचें सांगत होती, आणि बाबा प्रसन्न मुद्रेनें मान हलवीत होते. ती रडत उठून गेली.

आतां ज्या पाण्याकांठीं हा वर्ग भरला त्या पाण्याकडे वळूं. मुळा व निळा ह्या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीनें धरण बांधण्यास घेतलें, सुमारें पन्नास गांवांची जमीन बुडावयाची होती, आणि 16 एप्रिल 1921 ह्या रामनवमीच्या दिवशीं मावळे शेतकरी बांधकामाच्या जागीं जाऊन बसले. त्यांनीं व्याख्यान दिलें नाहीं. व्याख्यानें पुण्यास चालूं होतीं. ज्या मनुष्यानें जन्मभर त्याच मातींत वाकून भात लावला तो आज तेथें नुसता बसतो, हातांत कांहीं घेत नाहीं, उठा म्हटल्यास उठत नाहीं. ह्याहून स्पष्ट वाक्य मराठींत लिहिलें गेलें असेल तर तें आम्हांस ठाऊक नाहीं.

ह्या लढ्यानें पांडुरंग महादेव बापट ह्यांस 'सेनापति' हें नांव दिलें. त्यांचा जन्म 1880 चा, म्हणजे मुळशीस उभे राहिले तेव्हां त्यांनीं चाळिशी गांठली होती. तारुण्यांत हा मनुष्य विलायतेस जाऊन, पॅरिसमध्यें रशियन क्रांतिकारकांकडून बाँब करण्याची विद्या घेऊन 1908 सालीं परत आलेला. त्याच हातांनीं पुढें झाडू धरला व गांवचे रस्ते झाडले. ब्राह्मणाच्या हातांतील तो झाडू म्हणजे एक लेखच होता, आणि तो वाचण्यास अक्षरओळख लागत नव्हती. प्रौढपणीं माणसाचे हात नवी भाषा शिकूं शकतात कीं नाहीं, ह्या प्रश्नास आमच्या मतें ह्याहून चांगला साक्षीदार मुळशी तालुक्यांत तरी मिळणार नाहीं. बापटांनीं खांदे मागें टाकण्याचा सराव केला नव्हता. त्यांस सांगावयाचें होतें तें बदललें, मागोमाग हात बदलले.

परंतु ही गोष्ट येथेंच सोडणें अप्रामाणिकपणाचें होईल. बसलेल्या मावळ्यांचें वाक्य कितीहि स्पष्ट असो, तें ऐकणारे निराळे होते. राजेंद्र व्होरा ह्यांच्या मुळशी सत्याग्रहावरील ग्रंथांत हें नीट उलगडलें आहे: जमिनींतील मोठा हितसंबंध पुण्याच्या सावकारांचा होता, व त्यांस जमिनीपेक्षां मोबदल्याची बोली लवकर समजली. धरण झालें. आणि 1924 च्या अखेरीस बापटांनीं बांधकामाकडे जाणारी गाडी अडविण्यासाठीं पुन्हां शस्त्र हातीं धरलें, व सात वर्षांची शिक्षा पत्करली. चाळिशींत शिकलेल्या भाषेखालीं पंचविशींतली भाषा अशी जिवंत असते. कोणी ह्यास पराभव म्हणेल. आम्हांस तें त्या मनुष्याच्या सचोटीशीं सुसंगतच वाटतें, कारण बसून जें म्हणावयाचें होतें तें म्हणून संपलें होतें.

दुसरें उदाहरण रंगभूमीचें. बालगंधर्व (जन्म 1888) सत्तेचाळिसाव्या वर्षीं, 1935 सालीं, पुण्यास प्रभात कंपनीच्या 'धर्मात्मा' ह्या व्ही. शांताराम ह्यांच्या बोलपटांत एकनाथ झाले. भामिनी, रुक्मिणी, सिंधू ह्यांच्या चालण्यांत, पदर सांवरण्यांत, मान वेळावण्यांत ज्यांचें सारें तारुण्य गेलें, त्यांनीं ह्या वयांत प्रथमच पडद्यावर, आणि तेंहि पुरुष म्हणून, उभें राहावयाचें होतें. शिवाय शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकासाठीं केलेला हस्तक्षेप कॅमेऱ्यासमोर तिप्पट मोठा दिसतो. हा बोलपट आजहि पाहावयास मिळतो व आम्हीं तो नुकताच पुन्हां पाहिला. जेथें त्यांस पुरुषी रुबाब दाखवावयाचा आहे तेथें ते अवघडतात. पाऊल पडतें तें सांभाळून पडतें. पण त्या अस्पृश्य बालिकेजवळ ते वाकतात तेथें स्त्रीभूमिकांत कमावलेलें सारें मार्दव कामास येतें, आणि तें एकनाथांचेंच वाटतें. जुनी संवय टाकून नव्हे, तर तिला योग्य जागा मिळाल्यामुळें तेवढा भाग साधला. सर्व बोलपट असा साधला असता तर आम्हांस अधिक आनंद झाला असता. पुढें 1937 सालीं ते पडद्यावर मीराबाई होऊन पुन्हां स्त्रीवेषाकडे वळले, त्यावरून त्यांचें स्वतःचें मत काय झालें असावें ह्याचा तर्क करतां येतो.

पुस्तिकेंत जें मुळींच नाहीं तें आतां सांगतों, कारण प्रौढ वाचकास तेंच उपयोगी आहे. चाळिशीनंतर डोळ्यांतील भिंगाची लवचिकता कमी होते व जवळचें वाचण्यास चष्मा लागतो. दुहेरी भिंगाच्या चष्म्यांत वाचण्याचा भाग खालीं असतो. म्हणून समोरच्या पडद्यावरील अक्षरें वाचावयाचीं तर हनुवटी वर उचलावी लागते. दिवसांतून सात तास हनुवटी वर केलेला मनुष्य मग बोलणाराकडेहि तसाच, नाकाच्या शेंड्यावरून पाहतो. ह्यालाच कचेरींत तुच्छता म्हणतात. कानाचेंहि तसेंच. वय वाढतां बारीक, उंच स्वर प्रथम जातात, म्हणजे बायकामुलांचे आवाज व 'स', 'फ' असलीं व्यंजनें. मनुष्य नकळत चांगला कान पुढें करतो, आणि तसें करतांना डोळे बोलणारापासून वळतात. जो ऐकण्यासाठीं सर्वांत अधिक धडपडतो तोच ऐकत नाहींसा दिसतो! शेऱ्याचे दोन्ही भाग आम्हांस येथें सांपडले.

आम्हीं मेहुण्यांस पुस्तिका परत केली व नेत्रवैद्याकडे नेलें. त्यांनीं पडद्याच्या अंतरासाठीं निराळा चष्मा दिला. कान तपासणारानें डाव्या कानांत उणें काढलें, आमच्या बहिणीस तें दोन वर्षांपासून ठाऊक होतें, "पण ह्यांना सांगणार कोण? सांगितलेलं ऐकूं गेलं तर ना!" ऐकण्याचें यंत्र लावण्यास त्यांनीं तीन आठवडे घेतले, कारण यंत्र कानांत घातलें म्हणजे वय कानावर लिहिल्यासारखें होतें असें त्यांचें म्हणणें. आतां लावतात. आरशाचा सराव बंद आहे. परवां आम्ही गेलों तेव्हां कन्या पुनर्परीक्षेबद्दल कांहीं सांगत होती, आणि मेहुणे वर्तमानपत्र खालीं ठेवून, मान मुळींच न हलवितां, तिच्याकडे पाहत होते. कारखान्यांतला नवा शेरा मार्चमध्यें यावयाचा आहे.