रॉलिन्स, सनी

(जन्म ७ सप्टेंबर १९३०). अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक व संगीतरचनाकार. मूळ नाव वॉल्टर थिओडोर रॉलिन्स. जन्म न्यूयॉर्क येथे. आईवडील कॅरिबियन समुद्रातील व्हर्जिन बेटांचे. टेनर सॅक्सोफोनवर कोलमन हॉकिन्स हा त्यांचा आदर्श. बड पॉवेल, माइल्स डेव्हिस यांच्यासमवेत त्यांनी कोवळ्या वयातच ध्वनिमुद्रणे केली. तथापि हेरॉइनच्या व्यसनामुळे त्यांना कारावास घडला. १९५५ मध्ये लेक्सिंग्टन येथे उपचार घेऊन ते व्यसनमुक्त झाले.

‘सॅक्सोफोन कोलॉसस’ (१९५६) या ध्वनिमुद्रिकेने त्यांची कीर्ती दृढ झाली. तीमधील ‘सेंट टॉमस’ ही रचना कॅलिप्सो या बेटांवरील लोकसंगीतातून आली आहे. परंतु महत्त्वाची रचना ‘ब्लू सेव्हन’ ही होय. कॉर्डच्या चौकटीत वेगवान स्वरपंक्ती गुंफणे, ही त्या काळची रूढ रीत होती. रॉलिन्स मात्र मूळ धुनेतील एखादा लहानसा तुकडा घेऊन तोच उलटसुलट फिरवीत विस्तार करतात. गुंथर शुलर यांनी १९५८ मध्ये याचे विश्लेषण करून त्यास सूत्राधिष्ठित उत्स्फूर्त विस्तार मानले. ख्यालाच्या बढतीची सवय असलेल्या श्रोत्यास ही पद्धती परकी वाटू नये. मात्र येथे राग नसतो, हा भेद मोठा आहे. ‘वे आउट वेस्ट’मध्ये (१९५७) त्यांनी पियानो वगळून केवळ बास व ड्रम यांची साथ घेतली. त्यामुळे स्वातंत्र्य वाढले, तसाच भारही एकट्या वादकावर पडला. ‘फ्रीडम स्वीट’ (१९५८) ही दीर्घ रचना कृष्णवर्णीयांच्या हक्कांशी निगडित आहे.

कीर्ती शिखरावर असताना, १९५९ मध्ये, त्यांनी जाहीर वादन थांबविले व न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर ते तासन्‌तास रियाज करू लागले. ‘द ब्रिज’ (१९६२) या पुनरागमनाच्या ध्वनिमुद्रिकेत क्रांतिकारक असे काही नाही, अशी निराशा अनेकांनी व्यक्त केली. ती अपेक्षाच चुकीची होती. त्यांना नवा पंथ काढावयाचा नव्हता, आपल्या वादनातील उणिवा दूर करावयाच्या होत्या. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी पुन्हा विराम घेतला; त्या सुमारास मुंबईतील पवई येथील आश्रमात काही महिने राहून योग व वेदान्त यांचा अभ्यास केला. तथापि वादनात त्यांनी भारतीय स्वरविलास उसना आणला नाही. कोल्ट्रेनहून ते येथे वेगळे पडतात. १९७८ मध्ये ‘जॅझ यात्रा’ महोत्सवानिमित्त ते मुंबईत वाजवून गेले.

१९७२ नंतरच्या त्यांच्या स्टुडिओतील ध्वनिमुद्रिका बहुधा सामान्य आहेत. त्यांची खरी प्रतिभा मैफलीतच प्रकटते, हे ‘विदाउट अ साँग’वरून (२००५) दिसते. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर घर सोडावे लागले असताना, चारच दिवसांनी बॉस्टन येथे केलेले हे वादन आहे. श्वसनविकारामुळे २०१४ पासून त्यांनी वादन बंद केले.