‘कारण : गांजा’ हा रकाना भरला कुणी?

आमच्या सीमाभागात कुणी जरा विचित्र वागला की लोक सहज म्हणतात, ‘याला धारवाडला न्यायला पाहिजे.’ आपण हसतो नि विसरतो. पण या थट्टेमागे खरी संस्था आहे. धारवाडचं वेड्यांचं इस्पितळ १८४५ सालचं. आजची डिमहान्स ही त्याचीच वारस. तेव्हा बेळगाव आणि धारवाड हे दोन्ही जिल्हे मुंबई इलाख्यात होते.

या इस्पितळांवर हौशी मंडळी लिहितात ते बहुधा दोनच प्रकारचं. एक, साहेबाला दया आली नि त्यानं इस्पितळ काढलं. दुसरा, सरकारी अहवालातला तक्ता जसाच्या तसा उतरवायचा : इतके आले, इतके बरे झाले, इतक्यांच्या वेडाचं कारण गांजा. दोन्ही प्रकार लिहिणाऱ्यांनी जेम्स मिल्स यांचं ‘मॅडनेस, कॅनबिस अँड कलोनिअलिझम’ हे २००० सालचं पुस्तक आधी वाचावं. विषय १८५७ ते १९०० या काळातली खास ‘नेटिव्हां’ची इस्पितळं.

मिल्स यांचा पहिला मुद्दा असा की दयेपेक्षा बंदोबस्त मोठा होता. १८५८ च्या कायद्यानं भटकणाऱ्या वा धोकादायक वाटणाऱ्या वेड्याला पकडून मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायचं काम पोलिसांवर टाकलं. दुसरा मुद्दा मला जास्त मोलाचा वाटतो. गांजाचा रकाना बऱ्याचदा डॉक्टरनं तपासून भरलेला नसे. रुग्णाबरोबर पोलिसांचा कागद यायचा, त्यावरचं कारण रजिस्टरात उतरायचं, रजिस्टरातून वार्षिक अहवालात. तिथं बेरीज झाली की तो ‘पुरावा’!

आमच्या इंजिनिअरिंगच्या धंद्यात मेजरमेंट बुकात टेप न लावता आकडा लिहिला, तर पुढची बेरीज कितीही बिनचूक असो, बिल खोटंच. सरकारनं १८९३ साली नेमलेल्या हेंप ड्रग्ज कमिशनला हेच आढळलं. १८९२ साली देशभरात ज्या २२२ जणांच्या वेडाचं खापर गांजा-भांगेवर फोडलं होतं, ती प्रकरणं कमिशननं पुन्हा तपासली. टिकली फक्त ९८. म्हणजे निम्म्याहून जास्त नोंदी गळाल्या. आणि आपण आजही तेच तक्ते ‘अस्सल साधन’ म्हणून छापतो.

आता पुस्तकाची उणीव. नाव सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानचं, पण मिल्स जवळून वाचतात त्या केस-नोंदी लखनौच्या. लखनौचा साचा धारवाडला जसाच्या तसा बसेल असं का मानायचं? घरच्यांनीही या इस्पितळांचा आपल्या गरजेनुसार वापर केला हे ते दाखवतात, ते बरंच आहे. पण ती घरची माणसं आपल्याला भेटतात ती इंग्रज डॉक्टरच्या शब्दांतूनच. निपाणीकडचं माणूस धारवाडला पोचेपर्यंत त्याची हकीकत किती तोंडांतून जात असेल बघा. गावच्या पाटलाचा कागद मोडीत किंवा कानडीत, कचेरीत त्याचं भाषांतर, शेवटी रजिस्टरात इंग्रजी एक शब्द. ‘वारं लागलंय’, ‘डोकं फिरलंय’, ‘बाहेरचं झालंय’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या आजीला विचारा, ती फरक सांगेल. रजिस्टरात तिन्हींचा ‘मेनिया’ झाला असेल तर तो फरक इंग्रजी कागदातून परत काढता येणार नाही.

म्हणून हे पुस्तक मी शिफारस करून वाचायला देतो, पण पुढचं काम त्याच्यावर सोडत नाही. मोडी वाचणारे आपल्यात अजून आहेत, कानडी वाचणारेही आहेत. पाटील-कुलकर्ण्यांच्या घरातली दप्तरं माळ्यावर वाळवी खातायत. त्यात वेड्या माणसाबद्दलचा एखादा अर्ज, जबाब, खर्चाची यादी दिसली तर रद्दीत घालू नका. वाचा, नकलून ठेवा. फक्त छापताना आडनाव झाका, कारण त्या घरातली लेकरं आज आपल्याच गल्लीत राहत असतील.

आणि गांजाचा तक्ता टाकायचाच असेल, तर खाली एक ओळ लिहा : हा रकाना पोलिसांच्या कागदावरून भरला जाई.