विषय पुष्कळ, प्रश्न थोडे

का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला आणि मराठी लेखकाच्या वर्षाला एक हंगाम मिळाला. त्या हंगामात आज सर्वांत जास्त पीक येतं ते आत्मपर लेखांचं. आजोळ, वाडा, गावची जत्रा, पहिली नोकरी, आईच्या हातची चव. यातले बरेच लेख नेटके असतात. भाषा घोटलेली असते, शेवटी डोळ्यांत पाणी येईल अशी सोय केलेली असते. तरीही चार अंक वाचून झाले की कुठलं आजोळ कोणाचं ते आठवत नाही. लेखकांचं कसब कमी पडतं असं मला वाटत नाही. घोटाळा त्याआधीच, विषय हाती येतानाच झालेला असतो. संपादक लेखकाला विषय देतो. प्रश्न विचारत नाही. आपल्या आत्मपर लेखनाचं आजचं दुखणं मला या एका गोष्टीत दिसतं.

या सवयीची मुळं शाळेत आहेत. 'मी पाहिलेला अपघात', 'माझा अविस्मरणीय प्रसंग', 'फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त'. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी हे निबंध लिहिले, आणि बहुतेकांनी गाईडातून पाठ करून लिहिले. ज्या मुलाने अपघात पाहिलेलाच नाही तोही 'लोकांची एकच गर्दी जमली' असं लिहून गुण मिळवतो. पुस्तक काय बोलेल, नदी काय बोलेल, हे आपण मुलांना विचारतो. काल रात्री घरी भांडण कशावरून झालं, हे विचारत नाही. मग मोठेपणी लिहायला बसल्यावर हात आपोआप 'अविस्मरणीय' प्रसंगाकडे जातो, आणि जे खरोखर विसरता आलेलं नाही ते बाजूला पडून राहतं.

मराठीतलं एक अव्वल आत्मकथन कसं जन्मलं ते पाहावं. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे डोक्यावरचं कर्ज फेडायला घराबाहेर पडले. बायजाबाई शिंदे मथुरेत मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळेल, अशी वार्ता होती. साल १८५७. महूच्या आसपास बंडाची बातमी कानावर आली, आणि फिरत फिरत हे भिक्षुक झाशीत येऊन पोचले. १८५८च्या मार्चमध्ये सर ह्यू रोजने शहराला वेढा घातला तेव्हा ते तटाच्या आत होते. जीव वाचला, घरी परतले. पुढे पंचवीसेक वर्षं यातलं काही कागदावर आलं नाही. मग चिंतामण विनायक वैद्य या तरुणाने त्यांना लिहायला लावलं, आणि 'माझा प्रवास' लिहिला गेला.

झाशीत काय घडलं, हा वैद्यांच्या दृष्टीने खरा प्रश्न होता, कारण उत्तर त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून गोडसे त्यांना वाटेल ते सांगतात. राणी लक्ष्मीबाईचा व्यायाम, घोड्यावरची रपेट, अंघोळीच्या पाण्यापर्यंतचा थाट. कुठे किती दक्षिणा मिळाली. वेढ्यात दिवस कसे गेले. शहर पडल्यावरच्या लुटीचं वर्णन तर अंगावर येतं, कारण त्याला क्रम आहे. आधी सोनंनाणं गेलं, मग तांब्यापितळेची भांडी, मग कापडचोपड, शेवटी धान्य. घरात लपून बसलेल्या, पुन्हा पुन्हा दार वाजलेलं ऐकलेल्या माणसालाच हा क्रम माहीत असतो. राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाची धूळधाण झाली तिथे हा वेदशास्त्र शिकलेला माणूस हळहळतो. पुढे काल्पीच्या वाटेवर राणी पुन्हा भेटते, तहानलेली. विहिरीचं पाणी काढून द्यायला ते पुढे होतात तर ती त्यांना थांबवते आणि स्वतःच पाणी शेंदते. राणीवर नंतर काव्यं, नाटकं, कादंबऱ्या पुष्कळ झाल्या. भिक्षुकाने आपल्यासाठी पाणी काढू नये एवढं भान त्या घडीलाही राखणारी बाई मात्र मला याच पुस्तकात भेटली.

आता हीच फूटपट्टी पुढच्या लेखनाला लावून पाहू. फडके, खांडेकर, काणेकर यांनी लघुनिबंध घडवला आणि कुठल्याही क्षुल्लक गोष्टीवर लिहिता येतं हे मराठी वाचकाला पटवून दिलं. हे ऋण मोठं आहे. पण कशावरही लिहिता येतं म्हटलं की अमुकच का लिहायचं हे विचारायची गरज राहत नाही, आणि तो प्रकार लवकरच साच्यात अडकला.

ज्यांचं लेखन टिकलं त्यांच्या मागे कोणीतरी विचारणारं उभं असतं. लक्ष्मीबाई टिळकांच्या मागे मुलगा देवदत्त होता. त्याने लकडा लावला नसता तर 'स्मृतिचित्रे' झाली नसती, आणि साखर-मीठसुद्धा धुऊन घेणारे त्यांचे सोवळे वडील आपल्याला भेटले नसते. त्या सोवळ्याचं मूळ लक्ष्मीबाई सत्तावनच्या धामधुमीत आपल्या आजोबांना झालेल्या फाशीपर्यंत नेतात. बंडाची झळ एका घराच्या स्वयंपाकघरात कशी शिरली, हे इतिहासाच्या कुठल्या ग्रंथात सापडणार? इरावती कर्वे 'परिपूर्ती'त स्वतःलाच विचारतात. अमक्याची मुलगी, अमक्याची बायको, अमक्याची सून अशी ओळख करून दिली जाते, पण काहीतरी राहिलंय असं त्यांना वाटत राहतं. ते काय, हे शेवटी रस्त्यावरच्या मुलांच्या तोंडून कळतं: ही आमच्या वर्गातल्या कर्व्याची आई. आणि दया पवारांनी १९७८च्या 'बलुतं'त तर एका माणसाचे दोन केले. दगडू मारुती पवार सांगतो, दुसरा ऐकतो. लाजेमुळे जे बोलता येत नव्हतं ते बोलायला असा ऐकणारा उभा करावा लागला.

म्हणजे घर, आई, गाव हे विषय शिळे झालेत असं मुळीच नाही. महेश एलकुंचवारांच्या 'मौनराग'मध्येही आईच आहे, पारव्याचं घरच आहे. पण तिथे लेखक आईकडे आपलं न फिटलेलं मागणं घेऊन जातो, म्हणून वाचणाऱ्यालाही स्वस्थ बसवत नाही. 'अनुभव'सारखं मासिक सामान्य माणसाच्या जगण्यावर भर देतं तेव्हाही ही धग जाणवते. असं काम थोडं आहे, पण आहे.

जे जवळपास झालंच नाही त्याची मला जास्त खंत आहे, आणि त्यासाठी पुन्हा झाशीकडे वळावं लागेल. खंडेराव गेट हा झाशीच्या जुन्या तटाच्या दहा दरवाजांपैकी एक. त्याच नावाने तिथली वस्तीही ओळखली जाते. अठराव्या शतकात नारोशंकरांनी शहर वसवलं, पुढे राणीच्या सासरचे नेवाळकर आले, आणि त्यांच्यासोबत भिक्षुक, कारकून, शिलेदार अशी दक्षिणी घरं आली. संस्थान १८५४ साली खालसा झालं, चार वर्षांनी शहर लुटलं गेलं, तरी मराठी माणूस तिथून पुरता उठला नाही. या घरांतून आलेलं आत्मपर लेखन मात्र माझ्या वाचनात जवळपास नाही. आपण झाशीला जातो, किल्ला पाहतो, राणीवर लेख लिहून परततो. दरवाजापाशी राहणाऱ्याला काही विचारत नाही.

विचारलंच तर 'झाशीच्या आठवणी' असा विषय देऊ नये. राणीवरचा पाठ केलेला मजकूर तेवढा मिळेल. घरात चिडल्यावर कोणती भाषा तोंडात येते, ते विचारावं. मुलीचं लग्न ठरवताना पुण्याकडचं स्थळ आलं तर काय बोलणी झाली? पुरणपोळीचं पुरण कोणाला येतं आणि कोणाला येत नाही? श्राद्धाला भटजी कुठून आणता? जुने मोडी कागद होते ते कोणी विकले, कोणी जाळले, आणि त्यावरून घरात कोण कोणाशी बोलेनासं झालं? यातल्या एकाच प्रश्नाला खरं उत्तर मिळालं तरी दहा पानांचा लेख होईल.

असा लेख आलाच, तर संपादकाने हात आवरता घ्यावा. 'माझा प्रवास' वैद्यांनी १९०७ साली छापला तो आपल्या हाताने फेरफार करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम मजकूर वाचायला दत्तो वामन पोतदारांच्या १९६६च्या आवृत्तीची वाट पाहावी लागली. वैद्यांपुढे इंग्रज सरकारचं भय होतं, आजच्या संपादकापुढे ते नाही. झाशीच्या एखाद्या बाईंनी बुंदेली वळणाच्या मराठीत, मधूनच हिंदी क्रियापदं घालून लिहून पाठवलं, तर ते पुणेरी करून छापू नये. शुद्धलेखन तपासावं, अडेल तिथे बाईंनाच फोन करावा, आणि बाकीचं जसंच्या तसं छापावं.