दाराआडचें बंड

बंड म्हटलें कीं निशाण, घोषणा आणि रक्तपात हीं आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. ज्या बंडाची वार्ता शेजारच्या घरीं पोंचत नाहीं, किंबहुना ज्या घरांत तें घडलें त्या घरांतील माणसांनाहि ज्याचा सुगावा लागत नाहीं, त्यास बंड म्हणावें काय? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंतील तीन लेखिकांनीं ज्या लघुकथा लिहिल्या, त्यांतून हा प्रश्न उपस्थित होतो. मेरी विल्किन्स फ्रीमन, शार्लट पर्किन्स गिल्मन आणि केट शोपॅन या त्या तिघी. त्यांच्या कथांत दडलेलें बंड हें भित्रेपणाचें लक्षण आहे, असा एक आक्षेप वेळोवेळीं ऐकूं येतो. आमच्या मतें गोष्ट नेमकी उलट आहे. या कथांतील दडवणूक हाच त्यांतील सत्याचा अंश होय.

प्रथम ज्या भूमीवर या कथा उभ्या आहेत ती पाहिली पाहिजे. इंग्लंडांतून अमेरिकेंत गेलेल्या रूढ कायद्याप्रमाणें विवाह होतांच स्त्रीचें कायदेशीर अस्तित्व पतीच्या अस्तित्वांत विलीन होत असे. १८४८ सालीं न्यूयॉर्क राज्यानें विवाहित स्त्रीस स्वतःची मिळकत बाळगण्याचा हक्क दिला व पुढें इतर राज्यांनींहि तो कित्ता गिरविला. मतदानाचा हक्क मात्र संबंध राष्ट्रांतील स्त्रियांस १९२० पर्यंत मिळाला नाहीं. म्हणजे या कथा लिहिल्या गेल्या तेव्हां कायदा सैल होऊं लागला होता, परंतु घर सैल झालें नव्हतें. कायद्याविरुद्ध सभा भरवितां येते, अर्ज करतां येतो. प्रेमळ पतीच्या काळजीविरुद्ध अर्ज कोणाकडे करावयाचा? लघुकथेचें क्षेत्र येथें सुरू होतें.

फ्रीमनबाईंची 'न्यू इंग्लंडची जोगीण' ही १८८७ सालची कथा घ्या. लुइझा एलिस हिचा वाङ्‌निश्चय होऊन पंधरा वर्षें झालीं आहेत. त्यांपैकीं चौदा वर्षें नियोजित वर जो डॅगेट हा ऑस्ट्रेलियांत पैसा मिळवीत होता. तो आतां परतला आहे. मधल्या काळांत लुइझानें आपलें एकटीचें लहानसें राज्य उभें केलें आहे. ती गुलाबाचा व पुदिन्याचा अर्क काढते आणि केवळ घालण्याच्या आनंदासाठीं घातलेली शिवण उसवून पुन्हा घालते. विवाहानंतर हें सारें सोडून सासूच्या घरीं जावयाचें. एके रात्रीं जो आणि लिली डायर यांचें एकमेकांवर प्रेम असल्याचें तिच्या कानांवर येतें. दुसऱ्या दिवशीं ती त्यास मोकळें करते, पण लिलीचें नांवहि काढीत नाहीं; आपणांस एकटें राहण्याची संवय जडली आहे, एवढेंच कारण ती पुढें करते. मौज अशी कीं तें कारण अक्षरशः खरें आहे! जगानें हिला बिचारी प्रौढ कुमारिका म्हणावें आणि तिनें त्या शब्दाआड आपलें स्वराज्य सुरक्षित ठेवावें, असा हा व्यवहार आहे. लेखिकाहि तिचा जयजयकार करीत नाहीं. लुइझाचा कुत्रा तिच्या अंगणांत चौदा वर्षें सांखळीस बांधलेला आहे, हें ती वाचकास विसरूं देत नाहीं. या स्वातंत्र्यासहि कुंपण आहेच.

लुइझाचें बंड यशस्वी झालें, कारण तिच्या घरांत दुसरें कोणी नव्हतें. घरांत पति असला आणि तो वैद्यहि असला म्हणजे काय होतें, तें गिल्मनबाईंच्या 'पिवळा भिंतकागद' या कथेंत दिसतें. बाळंतपणानंतर खिन्न झालेल्या पत्नीस तिचा डॉक्टर पति उन्हाळ्यापुरत्या भाड्यानें घेतलेल्या एका जुन्या वाड्यांत आणतो आणि माडीवरील खोलीत ठेवतो. खिडक्यांना गज आहेत, पलंग जमिनीस खिळलेला आहे, भिंतींवर किळसवाणा पिवळा कागद आहे. तिनें लिहूं नये अशी आज्ञा आहे. ती चोरून रोजनिशी लिहिते आणि पतीचें पाऊल वाजतांच लपविते. आपण वाचतों ती कथा म्हणजेच ती लपविलेली रोजनिशी! हळूहळू त्या कागदाच्या नक्षीआड एक वांकलेली, सरपटणारी स्त्री तिला दिसूं लागते. शेवटीं तिला मुक्त करण्यासाठीं ती कागद फाडते आणि स्वतःच ती स्त्री होऊन जाते. पति दार उघडून आंत येतो आणि मूर्च्छित पडतो. ती त्याच्यावरून सरपटत फेऱ्या घालीत राहते.

ही केवळ कल्पना नव्हे. १८८७ सालीं स्वतः लेखिकेस फिलाडेल्फिया शहरांतील नामांकित डॉक्टर वायर मिचेल यांच्या 'विश्रांति-चिकित्से'खालीं राहावें लागलें होतें. बिछान्यांत पडून राहणें, भरपूर खाणें, बौद्धिक श्रम टाळणें असा हा उपचार होता. आणि घरीं परततांना पुन्हा लेखणीस हात लावूं नये असा उपदेश तिला मिळाला. याच मिचेल यांनीं १८८५ सालीं ओवेन विस्टर या मनानें थकलेल्या तरुणास पश्चिमेकडील वायोमिंगच्या मोकळ्या मुलुखांत पाठविलें. तेथील अनुभवांतून पुढें त्याची कादंबरी निघाली. तरुण पुरुषाच्या थकव्यास मोकळें रान आणि तरुण स्त्रीच्या थकव्यास बंद खोली! विषमतेचें याहून नेमकें उदाहरण क्वचित् सांपडेल. मराठी वाचकास या शहराचें नांव परकें नाहीं. मिचेल यांचा उपचार गाजत असतां तेथेंच १८८६ सालीं आनंदीबाई जोशी यांनीं स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेतली, आणि १८८७ सालीं पंडिता रमाबाईंचें उच्चवर्णीय हिंदु स्त्रीविषयींचें इंग्रजी पुस्तक तेथूनच प्रसिद्ध झालें. एकाच गांवांत एका स्त्रीच्या हातीं वैद्याची पदवी येत होती, आणि दुसरीच्या हातांतील लेखणी वैद्यच काढून घेत होता.

केट शोपॅन यांची 'एका तासाची गोष्ट' १८९४ सालीं 'व्होग' या नियतकालिकांत आली. तिचा विस्तार अवघा हजारेक शब्दांचा. श्रीमती मॅलर्ड यांचें हृदय दुर्बल असल्यामुळें पति आगगाडीच्या अपघातांत ठार झाल्याची वार्ता त्यांना जपून सांगण्यांत येते. त्या रडतात, मग एकट्याच खोलीत जाऊन उघड्या खिडकीशीं बसतात. बाहेर वसंत ऋतु आहे. तेथें त्यांना कळतें कीं यापुढील वर्षें आपलीं आहेत. बहीण दारापाशीं विनवणी करते. आंत दुःख चाललें आहे असें तिला वाटतें. थोड्या वेळानें त्या खालीं येतात, आणि त्याच क्षणीं पति दारांतून आंत येतो. तो अपघाताच्या जागेपासून दूर होता. त्या तत्काळ गतप्राण होतात. डॉक्टरांचा निर्णय असा कीं हा आनंदाचा आघात होय. खरें कारण त्या घरांत कोणासहि ठाऊक नाहीं. तें फक्त वाचकास ठाऊक आहे.

आमच्या मतें या सर्व कथांचें मर्म येथें आहे. त्यांतील पुरुष दुष्ट नाहींत. गिल्मनबाईंचा डॉक्टर पत्नीवर प्रेम करतो. मॅलर्डहि प्रेमळ होता असें त्याची पत्नीच मान्य करते. पति दुष्ट असता तर कथा एका दुष्टाची झाली असती आणि व्यवस्था निर्दोष सुटली असती. या स्त्रियांपाशीं जें नाहीं तें प्रेम नव्हे, तर स्वतःच्या अवस्थेस स्वतः नांव देण्याचा अधिकार. रोग कोणता, मृत्यूचें कारण कोणतें, एकांताची आवड कीं विक्षिप्तपणा, हें दुसरेंच कोणीतरी ठरवितें. लघुकथा त्या निर्णयास तोंडानें विरोध करीत नाहीं. ती वाचकास दाराच्या आंत घेते आणि मग बाहेरच्यांचा निर्णय त्याला ऐकविते. वाचकाच्या मनांत जो विरोध उठतो, तेंच बंड.

मग उघड बंडाचें काय? तेंहि फ्रीमनबाईंनीं लिहून पाहिलें. १८९० सालच्या '"आई"चें बंड' या कथेंत सॅरा पेन हिला पतीनें चाळीस वर्षांपूर्वीं नवें घर बांधण्याचें वचन दिलें होतें. त्याच जागेवर तो आतां गुरांसाठीं नवा गोठा बांधतो. तो घोडा विकत घेण्यासाठीं परगांवीं जातांच सॅरा सर्व बिऱ्हाड त्या गोठ्यांत हलविते. समजूत घालण्यास धर्मोपदेशक येतो आणि निरुत्तर होऊन परततो. पति येऊन पाहतो, रडतो आणि तेथेंच भिंती व खिडक्या घालून देण्याचें कबूल करतो. कथा अतिशय लोकप्रिय झाली. परंतु १९१७ सालीं लेखिकेनेंच लिहिलें कीं ती कथा खरी नव्हे: न्यू इंग्लंडमध्यें अशी स्त्री झालीच नाहीं, गुरांना घरच्या माणसांपेक्षां चांगला निवारा असावा, हें तेथील स्त्रियांनाहि पटलेलेंच होतें. या कबुलीजबाबानें कित्येक रसिकांचा विरस झाला असेल. आम्हांस मात्र तो त्या काळचा सर्वांत कठोर टीकालेख वाटतो. ज्या बंडांत सारें गांव साक्षी आहे तें लेखिकेच्या मतें स्वप्न होतें, आणि ज्यांत कोणीच साक्षी नाहीं तेंच वास्तव.

या कथांची मर्यादाहि सांगणें प्राप्त आहे. बंड करण्यासाठीं निदान दार लावून घेतां येईल अशी खोली लागते. गिल्मनबाईंच्या नायिकेचें मूल दुसरी स्त्री सांभाळते आणि घर नणंद चालविते. त्या दोघींच्या मनांत काय आहे, हें कथा विचारीत नाहीं. शोपॅन यांच्या १८९३ सालच्या 'देझिरेचें मूल' या कथेंत वंशाच्या संशयावरून पति पत्नीस टाकतो आणि ती मुलासह दलदलीकडे निघून जाते. परंतु त्याच मळ्यावर ला ब्लांश नांवाची दासी आहे. तिच्या मुलाच्या वर्णाकडे पाहूनच देझिरेस सत्याची शंका येते, आणि ती दासी कथेंत एक शब्दहि बोलत नाहीं. तिच्या बंडाची कथा या पानांत नाहीं.

'पिवळा भिंतकागद' ही कथा 'ॲटलांटिक मंथली'च्या संपादकानें, आपणांस झालेलें दुःख इतरांस देववत नाहीं असें सांगून, परत केली होती. १८९२ सालीं ती दुसरीकडे छापली गेली, तरी पुढें कित्येक वर्षें ती अंगावर शहारे आणणारी कथा म्हणूनच बहुधा वाचली गेली. १९७३ सालीं स्वतंत्र पुस्तकरूपानें पुन्हा निघाल्यावर तिचा खरा अर्थ सर्वत्र मान्य झाला. म्हणजे मॅलर्ड यांच्या दारीं आलेल्या डॉक्टरांनीं जी चूक केली, तीच रसिकांनीं आणि टीकाकारांनींहि दीर्घ काळ केली: समोर मरण दिसत होतें, कारण मात्र भलतेंच लिहिलें. जुनी लघुकथा हातीं घेतांना त्यांतील मुकी, समाधानी किंवा वेडी स्त्री दिसली, तर तिला तें विशेषण कोणीं दिलें हें वाचकानें आधीं पाहावें. टीकेचें पहिलें कर्तव्य निदान करणें हें नसून, निदान करणाराचें नांव विचारणें हें आहे.