परिचर्या-शिक्षणातील पॅथोफिजिओलॉजी : एक चिकित्सा

प्रस्तावना : भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात ‘मेडिकल-सर्जिकल नर्सिंग’ची जागा ‘अ‍ॅडल्ट हेल्थ नर्सिंग’ने घेतली व पॅथोफिजिओलॉजी त्यातच समाविष्ट झाली. हा बदल स्वागतार्ह होय. तथापि परीक्षेची तयारी ‘व्याख्या, कारणे, लक्षणे, उपचार’ याच साच्यात होत राहिली, तर केवळ विषयाचे नाव बदलते, अध्ययन नव्हे.

विवेचन : सावद्याच्या उत्तरेस सातपुडा आहे. सातपुड्यातील भिल्ल, पावरा समाजांत आढळणारा सिकलसेल आजार या दृष्टीने लक्षणीय ठरतो. बीटा ग्लोबिन साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. परिणामी ऑक्सिजन कमी होताच हिमोग्लोबिनचे रेणू परस्परांना जोडले जातात, रक्तपेशी विळ्यासारख्या होतात, सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबतात आणि असह्य वेदना उद्भवतात. ही कार्यकारण-साखळी उमगलेल्या विद्यार्थिनीस पुरेसे पाणी, ऊब व वेळेवर वेदनाशमन यांचे महत्त्व वेगळे पाठ करावे लागत नाही. जिने केवळ लक्षणांची यादी घोकली, ती मात्र बाहेरून जखम दिसत नाही म्हणून रुग्णाचे कण्हणे अतिशयोक्त समजण्याचा धोका संभवतो. शिवाय पाठ्यपुस्तक इंग्रजीत आणि रुग्ण पावरी किंवा लेवा गणबोलीत बोलणारा. हे अंतर कोणतीही गुणपत्रिका मोजत नाही.

निष्कर्ष : २०२३ मध्ये आरंभिलेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचे उद्दिष्ट २०४७ हे आहे. त्यासाठी ‘लक्षणे लिहा’ या प्रश्नाऐवजी ‘या रुग्णास वेदना का होतात, ते स्पष्ट करून परिचर्येचा क्रम ठरवा’ असा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे.